जोडीने पाहावा असा द्राक्षांचा मुलूख



परभणी जिल्ह्यातले नवरा-बायको जोडीने घराबाहेर पडतात ते बहुधा देवासाठी. गंगाखेडला जनाबाईचे दर्शन, औंढ्याला नागनाथ, पंढरीची वारी आणि लेकी सासरी गेल्या, मुले हाताशी आली म्हणजे काशी-रामेश्वर. नुसते पाहण्यासाठी, नुसते हिंडण्यासाठी दोघांनी दूरदेशी जायचे म्हणजे आपल्याकडे अजून थोडी चैनच समजली जाते. पण आता काळ पालटला आहे. निवृत्त शिक्षक, नोकरदार मंडळी, एखादा बागायतदार शेतकरी, अशी माणसे युरोपची वाट धरू लागली आहेत. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असली तर मग विचारायलाच नको. आम्ही दोघेही एका सप्टेंबरात जाऊन आलो. तेव्हा जाणाऱ्यांनी काय पाहावे आणि कसे पाहावे, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून आज बोलतो आहे. जे जाणार नाहीत त्यांनीही ऐकावे; ऐकायला काही पासपोर्ट लागत नाही.

मराठी माणसाला ही वाट नवी नाही. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांचे ‘आमचा जगाचा प्रवास’ हे पुस्तक १९१५ सालचे. आणि पु. ल. देशपांडे सुनीताबाईंना बरोबर घेऊन विलायत, फ्रान्स, जर्मनी पाहून आले, ती हकीकत ‘अपूर्वाई’ या नावाने १९६० साली पुस्तकरूपाने आली. पु. ल. तेव्हा आकाशवाणीतलेच, म्हणजे एका अर्थी आपल्या घरचे. गुरुजनांना हे पुस्तक मी सांगायला नको. शाळेच्या कपाटात ते असतेच, फक्त कपाटाला कुलूप असते.

पहिली गोष्ट सांगायची ती वेगाची. प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती तुम्ही पाहता. बारा दिवसांत आठ देश! सकाळी सहाला उठायचे, बसमध्ये बसायचे, उतरायचे, फोटो काढायचा, पुन्हा बस. घरी परतल्यावर फोटोतला पूल कोणत्या गावचा यावरून नवरा-बायकोत वाद. आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच होणारा हा खर्च. तो बसच्या खिडकीतून उधळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही सोळा दिवसांत चारच मुक्काम केले. पॅरिस, मग रँस, मग स्ट्रासबुर्ग, आणि शेवटी जर्मनीत ऱ्हाईनकाठी रुडेसहाइम. नकाशावर पाहाल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी ही एक सरळशी वाट आहे. सगळा प्रवास आगगाडीने होतो आणि परत येताना फ्रँकफुर्टचा विमानतळ जवळ पडतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. युरोपातल्या २९ देशांनी मिळून एकच परवाना ठेवला आहे, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करायचा. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही मोठ्या शहरातल्या केंद्रावर जावे लागते. शुल्क माणशी ९० युरो, ते २०२४ पासून. आणि किमान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा हवा. बँकेचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचा कागद, परतीचे आरक्षण, हे सगळे नीट लावून न्यावे. यात अवघड काही नाही. शाळा तपासणीच्या वेळी आपण याहून जास्त कागद केलेले आहेत.

आता शिदोरी. आपल्या बायका पहिल्यांदा तुपाची बरणी पिशवीत ठेवतात. ती घरीच राहू द्या. युरोपात बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या वड्या सगळे विमानतळावर काढून घेतात. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट चालते. शाकाहारी माणसाचे हाल होतात हे पूर्वी खरे होते, आता तितके नाही. पाव तर इतका चांगला मिळतो की आमच्या घरी दोन दिवस भाकरीची आठवण निघाली नाही. तिसऱ्या दिवशी निघाली. एक मात्र ध्यानात ठेवा. तिकडचे कांद्याचे सूप बहुधा गोमांसाच्या रश्श्यात केलेले असते, नावात नुसता कांदा आहे म्हणून फसू नये. फ्रान्समध्ये खाणावळीत जेवायला बसले म्हणजे नळाचे पाणी फुकट मागता येते. ते पिण्याजोगे असते. न मागितले तर बाटली आणून ठेवतात आणि तिचे पैसे लावतात.

पॅरिसविषयी फार बोलत नाही, त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. आयफेल मनोरा १८८९ सालचा, उंची ३३० मीटर. खालून पाहिला तरी पुरे. नोत्र दामचे मंदिर १५ एप्रिल २०१९ रोजी पेटले होते, ते दुरुस्त होऊन डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. आमच्या सौभाग्यवतींना पॅरिसमध्ये सर्वांत काय आवडले म्हणाल तर मोंमार्त्र टेकडीवरचा द्राक्षांचा लहानसा मळा. एवढ्या मोठ्या राजधानीत, घरांच्या गर्दीत, १९३३ साली लावलेली ही बाग अजून जपली आहे आणि दर शरदात तिथे द्राक्षतोडणीचा उत्सव होतो. “परभणीत असं एखादं वावर राहिलं असतं का हो?” असे तिने विचारले. मी उत्तर दिले नाही.

पॅरिसहून रँसला जलद गाडीने पाऊण तास लागतो. नकाशात आपली मंडळी त्याला रीम्स म्हणून वाचतात. इथून शॅम्पेनचा मुलूख सुरू होतो. आता शॅम्पेन म्हटल्याबरोबर काहीजण कान टवकारतील आणि काहीजण बंद करतील. म्हणून आधीच सांगतो, मी दारूचा प्रचार करायला बसलेलो नाही. आमच्या घरी माळ आहे. तिथल्या तळघरांत चव घ्यायला पेला पुढे करतात. नको म्हटले तर कोणी रागावत नाही. पुष्कळसे जाणकार तर तोंडात घोळवून भांड्यात थुंकून टाकतात. आणि खुद्द फ्रान्समध्येच वाइन पिणे १९६० च्या मानाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आले आहे. दारू कितीही थोडी घेतली तरी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले. तेव्हा पेला बाजूला ठेवू आणि वेलीकडे पाहू.

वेलीकडे पाहायला शिकवले ते सौभाग्यवतींनी. तिचे माहेर जिंतूर तालुक्यातले, डोंगराकडेचे. गाडीच्या खिडकीतून तिने पहिल्यांदा म्हटले, “इथं चांगल्या काळ्या सपाट रानात गहू आन् बीट आहे, अन् द्राक्षं चढावर, पांढऱ्या खडकाळ जागेत. हे उलटं कसं?” विचारले तेव्हा कळले की उलटे काही नाही. ती जमीन खडूची आहे. पावसाचे पाणी तो धरून ठेवतो आणि जादाचे खाली सोडतो. वेलीला पाय ओले राहिलेले खपत नाहीत. चढावर थंड हवा साचत नाही, ऊनही नीट लागते. भारी जमिनीत वेल पानांनी माजते आणि फळ बेचव होते. आपल्या मुरमाड रानाला आपण नावे ठेवतो. तिकडे तसल्याच चढाच्या जागेला एका हेक्टरला सरासरी १० लाख युरोंहून अधिक भाव आहे.

एवढा भाव कशाचा? जमिनीचा नव्हे, नावाचा. ही गोष्ट मला शेतकरी बांधवांना विशेष करून सांगायची आहे. शॅम्पेनच्या सगळ्या बागा मिळून सुमारे ३४ हजार हेक्टर आणि बागायतदार सुमारे १६ हजार. भागून पाहा. माणशी दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. आपल्याकडचा शेतकरी एवढाच. पण शॅम्पेन हे नाव युरोपात दुसऱ्या कोणत्याही मुलखातल्या वाइनला लावता येत नाही, मग ती कितीही तशीच बनवलेली असो. हे त्यांना कोणी ताटात वाढून दिले नाही. १९१० चे पीक जवळजवळ बुडाले होते, आणि व्यापारी बाहेरून स्वस्त माल आणून तो शॅम्पेन म्हणून विकत होते. १९११ साली शेतकरी उठले. व्यापाऱ्यांची तळघरे फोडली, बाटल्या फुटल्या, गावांत लष्कर आले. जाळपोळीचे मी समर्थन करीत नाही. पण त्यानंतर कायदे होत गेले आणि १९३५ साली नावांची राखण करणारी सरकारी संस्थाच उभी राहिली. आजही दर वर्षी एका हेक्टरातून किती द्राक्षे घ्यायची, हे बागायतदार आणि वाइन करणारी घराणी एकत्र बसून ठरवतात. तोडणी यंत्राने नाही, हातानेच करायची असा दंडक आहे. आम्ही गेलो तेव्हा ती चालूच होती. वाकून घड तोडणाऱ्या बायका आणि टोपल्या वाहणारे गडी पाहून कापूसवेचणीच डोळ्यांपुढे आली.

तिथे उभा असताना मला आपली भेंडी आठवली. हसू नका. ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण आपल्या कृषी विद्यापीठाचे, केवड्याला दाद न देणारे म्हणून देशभर गेले. परभणीचे नाव लावलेले बी दूरदूरच्या लोकांनी पेरले, पण त्या नावाचा भाव परभणीच्या शेतकऱ्याच्या हाती किती आला याचा विचार करा. आता आपल्याकडेही भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला २०१६ साली मानांकन मिळाले, आणि वसमतच्या हळदीलाही अलीकडे मिळाले. वसमत १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. मानांकन मिळाले म्हणजे एक कागद मिळाला. त्या नावाने दुसरा कोणी माल विकू लागला तर त्याला अडवणारे कोण, हे गावाने ठरवायचे असते.

आणि फ्रान्सचे एक देणे तर तुमच्या फवारणी पंपातच आहे. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण. बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडचे द्राक्षांचे शहर. तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत, कशासाठी, तर निळा-हिरवा रंग पाहून वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून! १८८० नंतरच्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की बाग केवड्याने करपली आहे, पण ह्या रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. चोराच्या भीतीतून औषध निघाले. विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट सांगून पाहावी, मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करील. त्याच बोर्डोकडे आता खप घटल्यामुळे सरकारने २०२३ पासून पैसे देऊन हजारो हेक्टर वेली उपटायला लावल्या. तेव्हा तिकडचा शेतकरी सुखात लोळतो असे समजू नका. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ट्रॅक्टर आणून पॅरिसकडे जाणारे महामार्ग अडवले होते.

रँस शहरात दोन ठिकाणी शिक्षकांनी जावेच. एक, तळघरे. फार पूर्वी खोदलेल्या खडूच्या खाणी आहेत, काही ३० मीटर खोल. आत बारा महिने गारवा असतो, म्हणून तिथे बाटल्या ठेवतात. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफगोळे पडत असताना लोक ह्या तळघरांत राहायला गेले आणि शाळाही तिथेच भरू लागल्या. दिव्याच्या उजेडात, बाटल्यांच्या रांगांशेजारी पाढे! दुसरे ठिकाण म्हणजे एक साधीशी लाल विटांची शाळा. दुसऱ्या महायुद्धात ७ मे १९४५ रोजी जर्मन सेनेच्या शरणागतीवर सही झाली ती ह्या शाळेत. खोली तशीच ठेवली आहे, भिंतीवर नकाशे लावलेले आहेत. मी तिथे बराच वेळ थांबलो. सौभाग्यवती मात्र मोठ्या चर्चच्या दारातल्या हसऱ्या देवदूतापुढे थांबली. १९१४ च्या आगीत ह्या मूर्तीचे मस्तक तुटून पडले होते, ते तुकडे जपून पुन्हा बसवले. चर्चचे काम १२११ साली सुरू झाले, म्हणजे आपल्याकडे यादवांचे राज्य होते तेव्हा. चारठाण्याला जाऊन आलेल्या माणसाला ह्या दगडी कामाचे कौतुक वाटते, पण दडपण येत नाही.

बायकांच्या कर्तृत्वाची एक हकीकतही इथलीच. बार्ब-निकोल क्लिको नावाची बाई १८०५ साली, वयाच्या २७ व्या वर्षी विधवा झाली. त्या काळी फ्रान्समध्ये विवाहित बाईला स्वतःचा व्यवहार करायची मुभा नव्हती, विधवेला होती. तिने नवऱ्याचा धंदा हातात घेतला. बाटलीच्या तळाशी गाळ बसून वाइन गढूळ होते, त्यावर तोड काढली. भोके पाडलेल्या फळीत बाटल्या उलट्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचाशी येऊन काढता येतो. ती युक्ती सर्वत्र झाली. ‘विधवा क्लिको’ हेच त्या घराण्याचे नाव राहिले आहे. आपल्याकडे ज्या शब्दावरून बाईला हळदीकुंकवातून वगळतात, तो शब्द तिकडे बाटलीवर मानाने छापतात. यावर आमच्यात रात्री बरेच बोलणे झाले. बारा दिवसांत आठ देश केले असते तर बोलायला वेळ कुठला?

तिसरा मुक्काम स्ट्रासबुर्ग. इथल्या चर्चचा कळस १४२ मीटर उंच. १६४७ पासून १८७४ पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच. पण मला सांगायचे आहे ते त्या मुलखाचे, आल्सासचे. १८७१ साली तो फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, १९१८ साली परत फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि दुसरे महायुद्ध सरता सरता पुन्हा फ्रान्सकडे. प्रत्येक वेळी शाळेची भाषा बदलली. आल्फोन्स दोदे यांची ‘शेवटचा धडा’ ही गोष्ट इथलीच. ती केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. युरोपियन माणसाला हे सांगताना फार नवल वाटते. परभणीकराला वाटू नये. आपले आजोबा घराचा उंबरा न सोडता चार राज्यांत राहिले. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाचे, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. माझ्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झाले. हिशेब ते अखेरपर्यंत उर्दूत पुटपुटत आणि अभंग मराठीत म्हणत. आल्सासमधल्या म्हाताऱ्यांचीही गत तीच. रस्त्यांच्या पाट्यांवर अजून दोन भाषा दिसतात.

स्ट्रासबुर्गहून कोलमार अर्ध्या तासावर. आल्सासचा ‘वाइन रस्ता’ १९५३ साली आखला गेला, सुमारे १७० किलोमीटर, डोंगराच्या पायथ्याशी गावामागून गाव. लाकडी चौकटींची रंगीत घरे, खिडक्यांत फुले, चौकात आड. छपरांवर करकोच्यांची घरटी. १९७४ च्या सुमारास त्यांच्या दहा जोड्याही उरल्या नव्हत्या, लोकांनी पाळून, अंडी उबवून त्यांना परत आणले. कायझर्सबेर्ग ह्या गावी डॉ. आल्बर्ट श्वाइत्झर १८७५ साली जन्मले. घर साधे आहे. ह्या गावांत करण्यासारखे काही नाही, आणि तेच बरे. बाकावर बसावे, येणारा-जाणारा पाहावा. बायकोला स्वयंपाकघराबाहेर, कुणाला वाढायचे नाही, कुणाचे उष्टे काढायचे नाही, अशा स्थितीत सलग चार तास बसलेली मी चाळीस वर्षांच्या संसारात प्रथम पाहिली. पहिला दिवस तिला चुकल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी तिने मलाच पाणी आणायला पाठवले.

स्ट्रासबुर्गहून ट्रामने नदी ओलांडली की जर्मनी. अगदी रिक्षाने पेठेतून स्टेशनावर जावे तसे. आम्हाला कोणी हटकले नाही, पण अलीकडे मधूनमधून तपासणी असते. पासपोर्ट जवळ बाळगावा. ऱ्हाईनचा उत्तम भाग रुडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंत, सुमारे ६५ किलोमीटर. दोन्ही तीरांवर किल्ले, आणि उभ्या चढावर द्राक्षांच्या पायऱ्या. २००२ साली ह्या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. नदीतून मालाच्या लांबलचक नावा सारख्या जात असतात. उन्हाळ्यात गंगाखेडला गोदामाईचे उघडे वाळवंट पाहिलेल्या डोळ्यांना ते भरलेले पात्र पाहून हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू! नावेतून सौभाग्यवतीने बोट दाखवले. काही पायऱ्यांवर वेली नव्हत्या, झुडपे माजली होती. विचारता कळले, इतक्या उभ्या चढावर यंत्र जात नाही आणि पोरे आता चढायला तयार नाहीत. गाव कुठलेही असो, पोरे शहराकडेच.

ज्यांना एवढ्या दूर जाणे जमत नाही त्यांनी नाशिकला जावे. तिथल्या वाइनलाही त्या खोऱ्याच्या नावाचे मानांकन आहे आणि बागा हिंडून पाहता येतात. फरक एवढाच, की युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदा छाटणी आणि सप्टेंबरात तोडणी. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत. तेव्हा नाशिकला जायचे तर फेब्रुवारीत. परभणीहून रात्रीची मुंबईची गाडी नाशिक रोडला थांबते. दोन दिवस मुक्काम करा, आणि दोघांचीही तिकिटे काढा.